पुण्याच्या गणिताच्या प्राध्यापकाने लंडनमध्ये जाऊन रेल्वेचा हिशोब मागितला होता

एप्रिल १८९७. लंडनमध्ये एका शाही आयोगासमोर पुण्याहून आलेला एक तरुण साक्ष द्यायला बसला होता. वयाची एकतिशी पूर्ण व्हायला अजून महिना बाकी होता. आयुष्यात पहिल्यांदाच समुद्र ओलांडून आला होता. समोर बसलेले लोक होते इंग्लंडच्या तिजोरीचा कारभार पाहिलेले, भारतात मोठ्या हुद्द्यांवर राहून आलेले मातब्बर अधिकारी.

विषय होता भारताचा खर्च. म्हणजे भारतीय लोकांकडून कर म्हणून गोळा होणारा पैसा नेमका कुठे जातो आणि त्यातला किती इंग्लंडने उचलायला हवा.

या तरुणाचं नाव गोपाळ कृष्ण गोखले.

गोखले म्हटलं की आपल्याला आठवतं ते गांधीजींचे राजकीय गुरू, मवाळ नेते, टिळकांचे विरोधक. शाळेच्या पुस्तकात एवढंच असतं. पण गोखल्यांची खरी ताकद होती आकडेमोड. आज ज्याला आपण पीपीपी म्हणतो, म्हणजे खासगी कंपनीने पैसा घालायचा आणि सरकारने पाठीशी उभं राहायचं, त्या मॉडेलचा भारतातला पहिला मोठा प्रयोग म्हणजे रेल्वे. आणि त्या प्रयोगात जोखीम कोणाच्या डोक्यावर पडली, याचा जाब विचारणाऱ्या पहिल्या काही भारतीयांमध्ये गोखले होते.

कोतळूक ते पुणे

९ मे १८६६ ला रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात कोतळूक गावी गोखल्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीला होते. १८७९ मध्ये ते वारले तेव्हा गोपाळ १३ वर्षांचा होता. थोरले भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून महिना १५ रुपयांच्या नोकरीला लागले आणि त्यातले ८ रुपये धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवायला लागले.

पैशाची किंमत काय असते, हे या मुलाला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

१८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमधून ते बी.ए. झाले. इंजिनिअर किंवा मामलेदार होऊन घर वर काढता आलं असतं. पण ते पुण्यात आले, न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवायला लागले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. आजीव सदस्य म्हणजे तुटपुंज्या पगारावर वीस वर्षं शिकवण्याची बांधिलकी.

फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवलं, इतिहास शिकवला, अर्थशास्त्र शिकवलं आणि गणितही शिकवलं. जो विषय द्याल तो शिकवणारा प्राध्यापक अशी त्यांची ओळख झाली. सहकाऱ्यासोबत त्यांनी शाळेसाठी अंकगणिताचं पुस्तक लिहिलं. ते पुढे बरीच वर्षं भारतभरातल्या शाळांमध्ये चाललं.

याच काळात त्यांना गुरू भेटले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे.

रानड्यांनी गोखल्यांना सार्वजनिक सभेच्या कामात ओढलं. सभेच्या त्रैमासिकाचं संपादन दिलं. सरकारी अहवाल, अंदाजपत्रकं, जमाबंदीचे तक्ते वाचायचे, त्यातली विसंगती शोधायची आणि मगच लिहायचं, अशी शिस्त होती.  गणेश व्यंकटेश जोशी नावाचे सरकारी शाळेतले एक शिक्षक होते, अर्थशास्त्राचे जबरदस्त अभ्यासक. त्यांच्याकडूनही गोखले आकडे वाचायला शिकले.

१८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकांच्या गटाकडे गेली. रानड्यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली. इंग्लंडमध्ये लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला, तेव्हा याच डेक्कन सभेने गोखल्यांना साक्षीसाठी पाठवलं. लेखी निवेदन तयार करायला रानडे आणि जोशी मागे उभे होते.

पण रेल्वेचा नेमका घोळ काय होता? ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

५ टक्क्यांची गॅरंटी

१८४० च्या दशकात भारतात रेल्वे आणायची असं ठरत होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारला स्वतः एवढा पैसा घालायचा नव्हता. लंडनच्या गुंतवणूकदारांकडे पैसा होता, पण हजारो मैल दूर, न पाहिलेल्या देशात तो बुडाला तर? म्हणून ते पुढे येईनात.

यावर तोडगा निघाला. ऑगस्ट १८४९ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वे आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपली जीआयपी, या दोन कंपन्यांशी करार झाले. अटी साधारण अशा होत्या.

जमीन सरकार फुकट देणार.

कंपनीने घातलेल्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी सरकार देणार. रेल्वे चालो अथवा न चालो.

नफा ५ टक्क्यांच्या वर गेला तर वरचा भाग कंपनी आणि सरकार वाटून घेणार आणि सरकारचा वाटा आधी दिलेल्या व्याजाच्या वसुलीत जाणार.

कंपनीला नकोसं झालं तर सहा महिन्यांची नोटीस देऊन रेल्वे सरकारच्या गळ्यात घालायची आणि आपलं भांडवल परत घ्यायचं.

साध्या उदाहरणाने बघू. कंपनीने १०० रुपये घातले. रेल्वेने वर्षाला ३ रुपये कमावले, तर उरलेले २ रुपये सरकार तिजोरीतून भरणार. रेल्वेने ७ रुपये कमावले, तर ५ रुपये भागधारकांचे आणि वरच्या २ रुपयांत वाटणी. म्हणजे फायदा झाला तर कंपनीचा आधी. तोटा झाला तर तो पूर्ण सरकारचा. आणि सरकारचा म्हणजे शेतसारा आणि मिठावरचा कर भरणाऱ्या माणसाचा.

एक गोष्ट खरी आहे. ही हमी नसती तर त्या काळात रेल्वे इतक्या लवकर आली नसती. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८५८ मध्ये पुणे-खंडाळा मार्ग सुरू झाला. मधला बोरघाट तेव्हा तयार नव्हता, त्यामुळे प्रवाशांना घाट पालखीतून किंवा पायी उतरावा लागायचा. १८६३ मध्ये घाटातला मार्ग खुला झाला आणि पुणे थेट मुंबईला जोडलं गेलं. या घाटात हजारो मजुरांनी जीव गमावला.

पण हमीचा दुसरा परिणामही दिसायला लागला. व्याज पक्कं असेल तर खर्च कमी ठेवायची गरज कोणाला? सुरुवातीला मैलामागे सुमारे ८ हजार पौंड लागतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात हमीवाल्या रेल्वेचा खर्च मैलामागे १८ हजार पौंडांच्या घरात गेला. भारताचे माजी अर्थ सदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर हे उघडपणे मान्य केलं. त्यांच्या सांगण्याचा मतलब असा, की व्याजाची खात्री असलेल्या इंग्रज गुंतवणूकदाराला आपला पैसा विटा-चुन्यात गेला काय किंवा हुगळी नदीत टाकला काय, काहीच फरक पडत नव्हता.

बोरघाटाचंच बघा. जुलै १८६७ मध्ये तिथला 'मऊ की मळी' हा मोठा पूल कोसळला. बांधून जेमतेम काही वर्षं झाली होती. पूल पडला तरी लंडनमधल्या भागधारकांचं ५ टक्के व्याज काही थांबलं नाही.

आणि हे फक्त रेल्वेत झालं असं नाही. दक्षिणेत मद्रास इरिगेशन कंपनीला अशीच ५ टक्क्यांची हमी देऊन कर्नूल-कडप्पा कालवा काढायला दिला होता. काम रखडलं, खर्च वाढला, पाणी घ्यायला शेतकरी पुढे आले नाहीत. शेवटी १८८२ मध्ये सरकारने तो कालवा विकत घेतला.

व्हाइसरॉय लॉर्ड लॉरेन्स या हमी पद्धतीवर इतके वैतागले होते, की १८६९ नंतर सरकारने काही वर्षं स्वतःच रेल्वे बांधायला घेतल्या. पण दुष्काळ आणि युद्धाच्या खर्चात ते बारगळलं आणि १८८० च्या सुमारास कमी व्याजदराने हमी परत आली.

रुपया घसरला आणि मीठ महागलं

या करारांत आणखी एक सापळा होता, तो सुरुवातीला फारसा कोणाला दिसला नव्हता. व्याज द्यायचं होतं पौंडात. रेल्वेची कमाई आणि सरकारचे कर मात्र रुपयात.

१८७० च्या सुरुवातीला एक रुपया म्हणजे जवळपास दोन शिलिंग, म्हणजे एका पौंडाला साधारण १० रुपये. मग जगभर चांदीचा भाव पडायला लागला. रुपया चांदीचा, त्यामुळे तोही पडला. १८९० च्या दशकाच्या मध्यात तो १ शिलिंग २ पेन्सच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आला होता. म्हणजे एका पौंडाला १७ रुपयांहून जास्त.

लंडनमध्ये १०० पौंड व्याज द्यायला आधी १,००० रुपये लागायचे, आता १,७०० लागायला लागले. रेल्वेची एक फूटही लांबी वाढली नव्हती. जुन्या करारांत तर हिशोबासाठी रुपयाचा भाव १ शिलिंग १० पेन्स असा ठरवून टाकलेला होता. बाजारातला भाव त्याच्या खाली गेला की मधला फरक सरकारच्या अंगावर.

हा फरक भरायचा कसा? कर वाढवून. १८८६ मध्ये प्राप्तिकर आला. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला २ रुपयांवरून अडीच रुपये झाला. रेल्वेचं व्याज, अधिकाऱ्यांच्या पेन्शनी, लष्कराचा खर्च असं सगळं मिळून १८९० च्या दशकात वर्षाला सुमारे दीड कोटी पौंड भारतातून इंग्लंडला जात होते. याला होम चार्जेस म्हणायचे.

पुणे जिल्ह्यातला जो शेतकरी आयुष्यात कधी गाडीत बसला नव्हता, तोही भाकरीबरोबरच्या मिठातून लंडनच्या भागधारकाची जोखीम उचलत होता.

आयोगासमोर दोन दिवस

गोखल्यांनी वेल्बी आयोगासमोर हेच मांडलं. लष्कर, पेन्शन, विनिमय दराचा तोटा आणि रेल्वे, एकेक खातं घेऊन.

ते रेल्वेच्या विरोधात नव्हते. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. रेल्वे किती आणि कुठे बांधायची हे ठरतं इंग्लंडमधल्या व्यापारी आणि भांडवलदार वर्गाच्या सोयीने. माल वेगाने बंदरात जावा, इंग्लंडचं कापड वेगाने गावात यावं यासाठी. तोटा मात्र भरतो भारतीय करदाता. आणि या करदात्याला त्या खर्चावर मत द्यायचा अधिकारच नाही. शिक्षण, पाटबंधारे, आरोग्य यांच्यासाठी पैसा नसतो. रेल्वेसाठी मात्र तो नेहमी निघतो.

लक्षात घ्या, हे १८९७ साल आहे. दख्खनमध्ये दुष्काळ आहे आणि पुण्यात प्लेग. रेल्वेने धान्य येत होतं, पण ते विकत घ्यायला लोकांच्या हातात पैसा नव्हता.

आयोगाच्या सदस्यांनी दोन दिवस उलटतपासणी घेतली. गोखले डगमगले नाहीत. आयोगात बसलेल्या दादाभाई नौरोजींना आणि भारतातल्या त्यांच्या सहकाऱ्यांना या तरुणाचं कौतुक वाटलं.

आयोगाचा अहवाल १९०० मध्ये आला. बहुमताने भारताला थोडासाच दिलासा दिला. नौरोजी, वेडरबर्न आणि केन या तीन सदस्यांनी वेगळा अहवाल लिहिला.

एक चूक आणि जाहीर माफी

लंडनमधल्या या यशानंतर काही आठवड्यांतच गोखल्यांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट काळ सुरू झाला.

पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे शिपाई घरोघर घुसत होते. त्यांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रं गोखल्यांना लंडनमध्ये मिळाली. त्यांनी ते आरोप तिथल्या खासदारांसमोर आणि वर्तमानपत्रात मांडले. दरम्यान २२ जूनला चापेकर बंधूंनी पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या. वातावरण पेटलं. सरकारने गोखल्यांकडे पुरावा मागितला. पत्र लिहिणाऱ्यांची नावं ते सांगू शकत नव्हते आणि पुण्यात परतल्यावर साक्ष द्यायला कोणी पुढे येईना.

गोखल्यांनी जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली. इंग्रजांनी त्यांना खोटारडं ठरवलं, आपल्या लोकांनी भित्रं. आकड्यांनी साम्राज्याला अडवणारा माणूस पुराव्याअभावी अडकला होता.

राजकारण सोडण्याचा विचार त्यांच्या मनात आला. रानडे पाठीशी राहिले. त्यानंतर गोखले आणखी काटेकोर झाले. सरकारवर बोलायचं तर सरकारच्याच कागदावरून, हा त्यांचा पक्का नियम झाला.

शिलकीच्या अंदाजपत्रकाला विरोध

१८९९ च्या अखेरीस ते मुंबई कायदेमंडळात गेले. १९०१ मध्ये रानडे वारले. पुढच्याच वर्षी गोखल्यांनी फर्ग्युसनमधून निवृत्ती घेतली आणि फिरोजशहा मेहतांच्या जागी कलकत्त्याच्या केंद्रीय कायदेमंडळात पोहोचले.

२६ मार्च १९०२. अंदाजपत्रकावरची चर्चा. सरकारने मोठी शिल्लक दाखवली होती आणि सगळे अभिनंदन करत होते. गोखले उभे राहिले आणि अभिनंदन करायला त्यांनी नकार दिला.

त्यांचं गणित सरळ होतं. रुपया पडला म्हणून कर वाढवले होते. आता सरकारने टांकसाळी बंद करून रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्सवर आणून ठेवला होता. म्हणजे इंग्लंडला पाठवायचे पौंड स्वस्त झाले. तोटा गेला. पण वाढवलेले कर तसेच राहिले. मग शिल्लक पडणारच. ही देशाच्या भरभराटीची खूण नव्हती, दुष्काळाने मोडलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची होती.

त्या सभागृहात भारतीय सदस्यांना अंदाजपत्रकावर मत देता येत नव्हतं. फक्त भाषण करता यायचं. तरीही ते भाषण देशभर छापलं गेलं.

पुढच्या वर्षीच, १९०३ मध्ये मिठावरचा कर अडीचवरून २ रुपये झाला. १९०५ मध्ये दीड रुपया. १९०७ मध्ये १ रुपया. प्राप्तिकराची मर्यादा वर्षाला ५०० रुपयांवरून १,००० झाली. हे सगळं एकट्या गोखल्यांमुळे झालं असं म्हणता येणार नाही, पण दर वर्षी हीच मागणी आकड्यांसकट लावून धरणारा आवाज त्यांचाच होता.

रेल्वेवरही ते दर वर्षी बोलत राहिले. करातून आलेली शिल्लक नव्या रेल्वेमार्गांत घालू नका, असं ते सांगायचे. रेल्वे बांधायची तर कर्ज काढून बांधा, कारण ती कमाई करून कर्ज फेडू शकते. लोकांच्या करातून वाचलेला पैसा लोकांच्या शाळांवर, पिण्याच्या पाण्यावर आणि सांडपाण्यावर खर्च करा. प्लेगने पोखरलेल्या पुण्याच्या माणसाला या मागणीचा अर्थ वेगळा सांगायला नको होता.

इकडे रेल्वेचा सौदा शेवटच्या टप्प्यात आला होता. करारात सरकारला ठरावीक वर्षांनी रेल्वे विकत घ्यायचा हक्क होता. त्यानुसार १९०० मध्ये सरकारने जीआयपी विकत घेतली. पण किंमत कशी ठरली? आधीच्या तीन वर्षांत शेअरचा बाजारात जो सरासरी भाव होता, त्यावर. सरकारी हमीमुळेच ते शेअर दर्शनी किमतीच्या कितीतरी वर गेले होते. म्हणजे आपण दिलेल्या हमीने वाढलेली किंमत सरकारने स्वतःच मोजली. आणि विकत घेतल्यावरही गाड्या चालवण्याचं काम त्याच कंपनीकडे ठेवलं.

अर्थतज्ज्ञ रमेशचंद्र दत्त यांनी त्याच सुमारास हिशोब मांडला होता. १९०० पर्यंत रेल्वेमुळे भारतीय करदात्याला सुमारे ४ कोटी पौंडांचा तोटा झाला होता. त्यानंतर रेल्वे सरकारला फायदा द्यायला लागली. पण तोवर पन्नास वर्षं गेली होती.

भारत सेवक समाज आणि शेवट

१२ जून १९०५ ला गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी ते बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. पुणे नगरपालिकेचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं.

जानेवारी १९११ मध्ये त्यांनी वाढत्या सरकारी खर्चाची जाहीर चौकशी व्हावी असा ठराव मांडला. त्याच वर्षी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. खर्च परवडणार नाही असं सांगत सरकारने विरोध केला आणि पुढच्या वर्षी ते फेटाळलं गेलं. रेल्वेसाठी हमी देणाऱ्या तिजोरीला शाळा परवडत नव्हती.

१९१४ मध्ये 'सर' ही पदवी त्यांनी नाकारली. मधुमेह आणि हृदयविकाराने शरीर थकलं होतं. १९ फेब्रुवारी १९१५ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. वय अवघं ४८. टिळक सिंहगडावरून अंत्ययात्रेला आले.

गोखले गेले, पण रेल्वेचा प्रश्न राहिला. १९२० मध्ये ॲकवर्थ समिती नेमली गेली. रेल्वे कंपनीने चालवायची की सरकारने, हा मुख्य मुद्दा. समितीत एक सदस्य होते श्रीनिवास शास्त्री, गोखल्यांनंतर भारत सेवक समाजाचे अध्यक्ष झालेले. अध्यक्ष ॲकवर्थ यांच्यासोबत त्यांनी सरकारी व्यवस्थापनाच्या बाजूने मत दिलं. १९२५ मध्ये ईस्ट इंडियन आणि जीआयपी दोन्ही रेल्वे थेट सरकारच्या ताब्यात आल्या.

गुहागरमध्ये पुन्हा तेच

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण १९९० च्या दशकात ती परत सुरू झाली आणि तीही गोखल्यांच्या जन्मतालुक्यात.

गुहागर तालुक्यात एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प आला. १९९३ मध्ये महाराष्ट्र वीज मंडळाने वीजखरेदीचा करार केला. विजेचा दर डॉलरशी जोडलेला होता. वीज घेतली नाही तरी ठरावीक रक्कम द्यायचीच होती. वर राज्य सरकारची हमी आणि पहिल्या टप्प्यासाठी केंद्राची प्रतिहमी. पुण्यातल्या 'प्रयास' संस्थेने कराराची आकडेमोड करून धोका आधीच दाखवला होता. १९९५ मध्ये करार रद्द झाला, मग पुन्हा वाटाघाटी होऊन प्रकल्प उभा राहिला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली. मे २००१ मध्ये मंडळाने ती परवडत नाही म्हणून घेणं बंद केलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली.

पौंडाच्या जागी डॉलर, रेल्वेच्या जागी वीज. बाकी बरंच काही तेच होतं.

आज पुणे अशा करारांनी वेढलेलं शहर आहे. एक्स्प्रेसवेचा टोल खासगी कंपनी गोळा करते. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रो पीपीपीवर उभी राहिली, त्यात केंद्राचा व्यवहार्यता निधीही आहे. यात मुळात गैर काही नाही. सरकारकडे पैसा कमी पडतो, कंपनीकडे पैसा आणि तंत्र असतं. हमी नसती तर बोरघाटही तेव्हा झाला नसता.

प्रश्न कराराच्या अटींचा असतो. प्रवासी कमी आले तर फरक कोण भरणार? काम लांबलं तर वाढीव खर्च कोणाचा? कर्ज परदेशी चलनात असेल आणि रुपया पडला तर? कंपनी अर्ध्यात निघून गेली तर तिला काय द्यावं लागेल? आणि फायदा जास्त झाला तर शहराच्या वाट्याला किती? ही उत्तरं करार करताना लिहिली जातात. पण त्यांचा अर्थ लोकांना वीस-पंचवीस वर्षांनी कळतो, टोलच्या पावतीवर, विजेच्या बिलात किंवा बंद पडलेल्या शाळेत.

पुण्यात डेक्कनच्या बाजूला गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. १९३० मध्ये रावबहादूर काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने ती सुरू केली. सरकारी आकडे मिळवायचे, नीट वाचायचे आणि त्यावर प्रश्न विचारायचे, हे तिथलं काम. ज्यांचं नाव संस्थेला दिलं, त्यांनीही आयुष्यभर तेच केलं होतं.